घेणारीचं क्रियापद

मिनेसोटातल्या त्या लहानशा गावात चर्चच्या तळघरात दर शनिवारी सकाळी आर्डिसबाई नव्याने आलेल्या लोकांना इंग्रजी शिकवायच्या. वय एकाहत्तर, पण चूक दिसली की खडू सरसावलाच. त्या दिवशी धडा होता ‘लेन्ड’ आणि ‘बॉरो’चा. उसनं देणारा लेन्ड करतो, उसनं घेणारा बॉरो करतो. एकापुढे ‘कुणाला’ हवं, दुसऱ्यापुढे ‘कुणाकडून’. सोपं. पण गावची माणसं पिढ्यान्‌पिढ्या दोन्हीकडे बॉरोच वापरत आली होती, आणि त्यावरूनच तर सगळं बिनसलं होतं.

चार वर्षांपूर्वी चर्चच्या जेवणाच्या दिवशी शेजारच्या मार्लिसने "तुझं मोठं पातेलं मला बॉरो कर गं" म्हटलं, आणि आर्डिसबाईंनी दहा बायकांसमोर तिचं क्रियापद सुधारलं. बायका हसल्या. मार्लिसही हसली. भांडण वगैरे काही नाही. या गावात भांडत नाहीत, मागणं बंद करतात. तेव्हापासून मार्लिस हवापाण्याचं गोड बोलायची, पण चिमूटभर मीठ मागायला म्हणून आली नाही. चाळीस वर्षांची मैत्री अशी सभ्यपणे आटली. आर्डिसबाईंना ते रोज टोचायचं, पण माफी मागायची म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटायची.

वर्गाचा नियम एकच होता: वाक्य खरं हवं. सोमालियाहून आलेल्या इफ्राहने पेन खाली ठेवून विचारलं, "बाई, तुम्ही शेजारणीकडून शेवटचं काय बॉरो केलंत?"

आर्डिसबाईंना आठवेना. जन्मभर त्या देतच आल्या होत्या, वर शिकवणी फुकट.

"काहीच नाही," त्या म्हणाल्या.

"मग ती तरी तुमच्याकडे कशी येईल?" इफ्राह सहज म्हणाली. "आमच्याकडे मागायला गेलं नाही तर शेजारीण रुसते."

दुपारी आर्डिसबाई रिकामा कप घेऊन मार्लिसच्या दारात उभ्या राहिल्या. वाटेत दोन्ही क्रियापदं घोकली होती. दार उघडताच दोन्ही पळाली.

"साखर हवी होती गं थोडी."

मार्लिसने कपाकडे पाहिलं. "काल दुकानात साखरेची पाच पौंडांची पिशवी तुझ्याच ढकलगाडीत होती की."

"होती."

"संपली?"

"नाही."

मार्लिस आत गेली आणि कप शिगोशीग भरून घेऊन आली.

"उसनी आहे हं," ती म्हणाली. "उद्या दहाला परत आणून दे. कॉफी ठेवते."