दोन सूत

इमारतीच्या तळमजल्यावर, चादरी धुण्याच्या खोलीला लागून, ऊन कधी चुकूनही शिरत नाही अशा एका खोलीत ठिपकेबाई काम करायची. हे नाव डॉक्टरांनी पाडलं की नर्सांनी, ते आता कुणाला आठवत नव्हतं. तिला स्वतःला ते आवडायचं नाही असं ती सांगायची, पण फोन उचलताना मात्र "ठिपकेबाई बोलतेय" असंच म्हणायची.

मेंदूचं ऑपरेशन असलं की आदल्या दिवशी रुग्ण तिच्याकडे यायचा. त्याच्या डोक्यावर जागोजागी नाण्याएवढे केस काढून ती आठ गोल ठिपके चिकटवायची, प्रत्येकाभोवती जांभळ्या शाईनं गोल काढायची आणि स्कॅन करायची. मग त्या शेकडो पातळ कापांच्या चित्रांतून संगणकावर अख्खं डोकं उभं करायची: हाड, रक्तवाहिन्या, गाठ, सगळं आपापल्या रंगात. दुसऱ्या दिवशी टेबलावर तेच आठ ठिपके एका सळईच्या टोकानं यंत्राला एकेक करून दाखवले, की यंत्र पडद्यावरचं डोकं समोरच्या डोक्यावर बसवायचं. त्यानंतर सर्जनची सळई कवटीच्या आत नेमकी कुठं आहे ते पडद्यावर दिसायचं. सगळी भिस्त त्या आठ ठिपक्यांवर. ते सरकले तरी पडद्यावरचं चित्र तितकंच देखणं दिसतं, हीच त्यातली गोम. म्हणून ठिपके लावून झाले की ती प्रत्येकाला तेच सांगायची, डोक्याला पाणी नको, हात नको, टॉवेल नको.

त्या दिवशी आलेला माणूस सुतार होता. बत्तीस-तेहतिशीचा, रुंद पंजांचा. आदल्या संध्याकाळपर्यंत कुणाचं तरी कपाट पुरं करत बसला होता, कारण अर्धं काम टाकून यायचं त्याच्या जिवावर आलं. ठिपकेबाईनं वस्तरा फिरवला तसा केसांतून लाकडाचा भुसा कागदावर पडायला लागला.

"बघ आई," तो म्हणाला, "तू लहानपणापासून सांगत होतीस ते खरं निघालं. डोक्यात भुसाच भरलाय."

ठिपकेबाईला हसू आलं. आईला मात्र आलं नाही. ती दाराशी मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसली होती आणि शरमेनं लालबुंद झाली होती. "धू म्हटलं होतं मी याला," ती पुटपुटली. "एवढे मोठे डॉक्टर. काय म्हणतील, या लोकांच्या घरी पाणी नाही का?"

"डॉक्टरांना भुशाचं काही नाही हो, मावशी," ठिपकेबाई म्हणाली आणि कामाला लागली. तिथं तिनं हात थांबवून पाचच मिनिटं बेसिनकडे बोट दाखवलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण बाहेर आणखी दोघं बसले होते.

सुताराला फिटचा पहिला झटका आला तो दोन महिन्यांपूर्वी, आईच्याच स्वयंपाकघरात. फळी सैल झालीय म्हणून आईनं त्याला शिडीवर चढवलं आणि तो वरून कोसळला. गाठ आधीपासून होती, शिडीचा काही संबंध नव्हता, हे डॉक्टरांनी आईला तीनदा समजावून सांगितलं. तरी ती येईल त्याला सांगायची, "माझ्यामुळे झालं. मीच चढवलं त्याला."

चित्र तयार झाल्यावर सुतारानं ते बघायला मागितलं. बहुतेक रुग्ण बघत नाहीत. ठिपकेबाईनं पडद्यावर त्याचं डोकं फिरवून दाखवलं: डाव्या बाजूला, मागच्या अंगाला पिवळी गाठ, आणि तिच्या पुढ्यात मेंदूची एक हिरवी पट्टी.

"ही हिरवी कसली?"

"तुमचा उजवा हात. हात हलवायचा हुकूम इथून सुटतो. गाठ काढायची, हिला धक्का न लावता."

"मध्ये जागा किती?"

"सहा मिलिमीटर."

त्यानं अंगठा आणि बोट यांत तेवढं अंतर धरून पाहिलं. "दोन सूत," तो म्हणाला. सूत म्हणजे सुताराचं माप, इंचाचा आठवा भाग. "दोन सूत म्हणजे पुष्कळ झालं की. दोन सुतांनी चुकलं तर दार लागत नाही." आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे तो जरा वेळ बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला वर नेताना ठिपकेबाईनं रिवाजाप्रमाणे विचारलं, "ठिपके भिजले नाहीत ना? हलले नाहीत ना?"

"नाही," तो म्हणाला. आई त्याच्या मागे वॉर्डाच्या दारात उभी होती.

टेबलावर त्याला भूल दिली, डोकं पकडीत घट्ट बसवलं. ठिपकेबाईनं आठही ठिपक्यांवर सळई टेकवली. जुळणीत चूक किती, त्याचा आकडा पडद्यावर आला, एक पूर्णांक आठ मिलिमीटर. दोनपर्यंत चालतं. आकड्यापुढं हिरवी खूण उमटली.

"चला," सर्जन म्हणाले. त्यांना सगळे नुसतं सर म्हणत. माणूस वाईट नव्हता, फक्त घड्याळाशी त्यांचं जन्माचं वैर होतं.

ठिपकेबाईनं सळई खाली ठेवली नाही. अठरा वर्षांपूर्वी, ती कामावर नवी असताना, एका बाईच्या वेळी अशीच हिरवी खूण आली होती. पण सळई कपाळावर टेकवली, तर पडद्यावर ती किंचित अधांतरी दिसत होती. ते तिनं पाहिलं होतं. सर वेगळे होते, घाई हीच होती, आणि ती गप्प बसली. ती बाई वाचली. पण नवऱ्याला हाक मारायला तिला पुन्हा कधी शब्द सापडला नाही. त्या दिवसापासून ठिपकेबाईचा हिरव्या खुणेवर काडीचाही विश्वास उरला नव्हता.

तिनं सुताराच्या नाकाच्या शेंड्यावर सळई टेकवली. पडद्यावर शेंडाच. मग डाव्या कानामागं टेकवली. पडद्यावर सळई कातडीच्या आत शिरलेली. ती वाकून बघायला लागली. मागच्या बाजूच्या तीन ठिपक्यांभोवतीचे गोल निळे होते.

"सर, हे तीन गोल माझे नाहीत."

"म्हणजे?"

"माझी शाई जांभळी. ही निळी आहे. साध्या पेनाची."

सरांनी पाहिलं. "पेन बदललं असेल."

"माझ्याकडे दुसरं पेनच नसतं."

"आकडा हिरवा आहे ना?"

"आहे. तरी नको म्हणते."

भूलतज्ज्ञानं उगाच यंत्राकडे मान वळवली. ठिपकेबाई जागची हलली नाही.

"परत स्कॅन म्हणजे दीड तास," सर म्हणाले. "भुलीतला माणूस असा नुसत्या शंकेवरून खाली-वर नेणार नाही मी. दहा मिनिटं देतो. खात्री करून या."

आई खाली वॉर्डाबाहेरच्या बाकावर होती, तीच पिशवी मांडीवर. जिना उतरण्यात दोन मिनिटं गेली होती.

"मावशी, सकाळी त्यांचं डोकं धुतलंत का?"

"नाही हो ताई! हातसुद्धा लावला नाही." प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर आलं होतं.

ठिपकेबाईला संताप आला. पेन दाखवा म्हणून ओरडावंसं वाटलं. पण ओरडलं की माणूस खोटं आणखी घट्ट धरून बसतो, हे ती स्वतःवरून ओळखून होती. ती बाकावर आईच्या शेजारी बसली.

"मी एकदा गप्प बसले होते," ती म्हणाली. "चूक दिसत होती मला. आपलं नाव येईल म्हणून बोलले नाही. त्या बाईची वाचा गेली. तिचा नवरा जाताना माझे आभार मानून गेला, मावशी. त्याला काय ठाऊक. अजून मला तो माणूस आठवतो. तुमच्या मुलाचं अजून काही बिघडलेलं नाही. अजून चीरसुद्धा दिलेली नाही. पण मला खरं कळलं पाहिजे, आणि आत्ताच."

आईनं पिशवीत हात घातला. पिशवीत मुलाचं घड्याळ होतं, त्याची चपटी सुतारी पेन्सिल होती. त्याखालून तिनं एक निळं पेन काढून ठिपकेबाईच्या हातात ठेवलं.

"पहाटे धुतलं," ती म्हणाली. "हलक्या हातानं धुतलं हो. पुढच्यांना पाणी लागू दिलं नाही. मागचे तीन टॉवेलला चिकटून आले. गोलही पुसले गेले. जिथं होते तिथंच लावले मी, अंदाजानं. मग कुणी रागावू नये म्हणून गोल काढले." आणि तिनं ठिपकेबाईचं मनगट पकडलं. "हात जाईल का त्याचा? हातावर पोट आहे त्याचं. माझ्यामुळे हात जाईल का?"

"वेळेत सांगितलंत," ठिपकेबाई म्हणाली. याहून जास्त वचन देणं तिच्या हातात नव्हतं. ती दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली.

सरांनी पेनाकडे पाहिलं, हातमोजे काढले आणि म्हणाले, "न्या खाली." एक शब्द जास्त नाही. भुलीतल्या सुताराला खाली नेलं, नवे ठिपके लावले, नवा स्कॅन केला. पुन्हा वर टेबलावर नवी जुळणी झाल्यावर ठिपकेबाईनं सकाळची जुळणी तिच्यावर ठेवून पाहिली. जुन्या जुळणीनं सरांची सळई गाठीची कड म्हणून जी जागा दाखवणार होती, ती हिरव्या पट्टीची कड होती. तिनं अंतर मोजलं. सहा मिलिमीटर. तिनं पुन्हा मोजलं, तेवढंच आलं.

ऑपरेशन संध्याकाळी संपलं. अहवालात 'विलंबाचे कारण' असा एक रकाना असतो. त्यात ठिपकेबाईनं लिहिलं, 'ठिपके लावण्यापूर्वी रुग्णाचे केस धुण्याची व्यवस्था विभागाने केली नव्हती.' सरांनी वाचलं, भुवई वर केली आणि सही केली.

ती वॉर्डात कधी जायची नाही. तिचं नातं आदल्या दिवशीच्या डोक्याशी, नंतरच्या माणसाशी नाही, असं ती म्हणायची. पण तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती गेलीच. सुतार उशीला टेकून बसला होता, डोक्याला पांढरं बँडेज. उजव्या हातात ती चपटी पेन्सिल होती. बोटं सावकाश हलत होती, पेन्सिल एकदा निसटली, ती त्यानं पुन्हा उचलली. ठिपकेबाई पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली.

आईनं तिला पाहिलं आणि जणू तिचीच वाट बघत असल्यासारखी ती मुलाकडे वळली.

"यांच्यासमोरच सांगते तुला. ते ठिपके मी हलवले होते. डोकं धुताना निघाले, ते चुकीचे लावले. यांनी पकडलं म्हणून हात राहिला तुझा."

"माहीत आहे," सुतार म्हणाला. बोलणं अजून जड होतं.

"काय माहीत आहे?"

"तू लावलेस तेव्हाच कळलं. आपल्या डोक्याची कातडी, आपल्याला कळत नाही होय? तिन्ही खाली आले होते." त्यानं अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं. "दोन सूत."

"मी विचारलं होतं तुम्हाला," ठिपकेबाई म्हणाली. "सकाळी. तुम्ही नाही म्हणालात."

"आई दारात उभी होती."

"म्हणून काय झालं?"

"दोन महिने रोज ऐकतोय. माझ्यामुळे पडला, माझ्यामुळे झालं. रात्रीची उठून रडते. म्हटलं, त्यात आणखी एक नको." तो दम घ्यायला थांबला. "गोल काढताना तिचा हात कापत होता."

"आणि हात गेला असता तर?"

"तर म्हटलं असतं, डॉक्टरांचं चुकलं. तिला कळलंच नसतं."

ठिपकेबाईनं पलंगाची दांडी धरली. तो हे अगदी साधेपणानं बोलला होता, कपाटाला कुठली बिजागरी लावली ते सांगावं तसं.

"मेल्या..." आईनं सुरुवात केली. जन्मभर लाडानं आणि रागानं हजारदा तोंडात आलेला तो शब्द, पण या वेळी तिनं जीभ चावली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग ती पलंगावर वाकली. त्याच्या हातातली पेन्सिल तिनं काढून घेतली आणि त्या जागी आपली बोटं ठेवली.

"दाब," ती म्हणाली.

त्यानं दाबली. जोर फारसा नव्हता.

"अजून."

त्यानं अजून दाबली आणि मग सोडली नाही.