एव्हलिनचं लिनन

कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण आमच्या नवगावात धाकट्या जावेसाठी वापरत. मला ती वापरायची वेळ आली इकडे आम्हा यहुद्यांच्या देशात, रामल्याच्या लोकरीच्या गिरणीत, आणि तीही एव्हलिनसाठी.

गिरणी दोवची. दोव पोलंडहून आलेला, बापाचीही तिकडे गिरणीच होती म्हणे. माणूस भला, पण तत्त्वांचा फार. लोकर घ्यायची ती जिवंत मेंढीची, कातरलेली. मारलेल्या मेंढीच्या कातड्यावरून ओरबाडलेली लोकर त्याने कधी दारात येऊ दिली नाही. दक्षिणेकडचे बेदुईन मेंढपाळ गोण्या घेऊन आले की हा त्यांना चहा पाजणार आणि विचारणार, कातरताना मेंढीला जखमा तर केल्या नाहीत ना? लोकर धुवायची साध्या साबणाने, आणि ते पाणी मागच्या लिंबांना. रंग द्यायचा नाही, मेंढी जशी तसं कापड. आणि आम्ल वापरायचं नाही म्हणजे नाही.

हे शेवटचं तत्त्व आमच्या पोटापाण्याचं होतं. नेगेवच्या वाळवंटातल्या मेंढ्या काटेरी झुडपांत चरतात, त्यांच्या लोकरीत कुसळं भरलेली असतात. इतर गिरण्या लोकर आम्लात बुडवून ती कुसळं जाळून टाकतात. दोव म्हणायचा, आम्ल कुसळाबरोबर लोकरीचं आयुष्यही जाळतं. म्हणून आम्ही बायका विणलेलं कापड टेबलावर पसरून चिमट्याने एकेक कुसळ वेचत बसायचो. धागा तुटलेला दिसला तर तिथे रफू.

आमच्या खोलीत खिडकी एकच, उत्तरेची. तिच्यातून येणाऱ्या उजेडात सावली पडत नाही, कापडातला बारीकसा दोषही त्यात लपत नाही. त्या खिडकीपाशी जे टेबल होतं तिथे तालितचं कापड यायचं, म्हणजे पुरुष प्रार्थनेच्या वेळी खांद्यावर घेतात त्या शालीचं. बाकीच्या टेबलांवर काम झालेलं सगळं कापड शेवटच्या नजरेसाठी तिथेच येई. ते टेबल माझं होतं. गिरणीत माझ्याजवळ माझं म्हणण्यासारखं तेवढंच होतं.

बासष्टच्या उन्हाळ्यात एव्हलिन आली. मुंबईची, भायखळ्याची. तिथल्या एका इस्पितळात ती ‘लिनन-कीपर’ होती, असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, जणू काही सर्जन होती. लिनन म्हणजे चादरी. इस्पितळातल्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले, सगळं तिच्या ताब्यात. फाटलं की रफू करायचं, मोजून कपाटात ठेवायचं. चादरीला चादर म्हणणं तिला माहीतच नव्हतं. घरी बिछाना घालतानाही ती ‘लिनन बदलते’ म्हणायची. हिब्रू तीन शब्द, इंग्रजी फाडफाड, आणि मराठी अशी की दर वाक्यात एक ‘बट’.

दुसऱ्याच आठवड्यात माझ्या टेबलावरून पास झालेला तागा गुंडाळताना ती थांबली.

“सॉरी हां मल्काबाय, बट हितं एक कुसळ राहिलंय.”

सगळ्या खोलीसमोर. आणि चेहरा असा गरीब की भांडताही येईना. दोवने ते कुसळ तिच्या चिमट्यातून घेतलं, उजेडात धरलं आणि मान डोलावली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, हिला दुसऱ्याच्या टेबलावरचंही दिसत होतं.

आता खरं काय ते सांगते. कुपातल्या, म्हणजे कामगारांच्या दवाखान्यातल्या, डॉक्टरणीने मला चष्मा दिला होता आणि तो माझ्या पिशवीच्या तळाशी रुमालात गुंडाळलेला होता. खिडकीपाशी बसणारीने चष्मा लावला की तिचे दिवस भरले, हे मला कळत होतं.

पुढे दोवचं कौतुक वाढतच गेलं. कापडात दोष दिसला की कडेला पांढऱ्या सुताची गाठ मारायची, रफू झालं की शेवटच्या नजरेला ती गाठ कापून काढायची, अशी आमची रीत. एकदा गाठीचं सूत संपलं. एव्हलिनने घरून आपली एक विरलेली, इस्पितळाने मोडीत काढून तिला दिलेली चादर आणली आणि तिचेच धागे ओढून गाठी मारायला लागली. दोव तर खूशच झाला. “बघा, हिला काही फेकवत नाही,” असं त्याने खोलीत दोनदा सांगितलं. मी काय रोज फेकत होते? मीही उरलेल्या लोकरीच्या उशा भरल्या होत्या. तेव्हा कुणी मान डोलावली नव्हती.

घरी माझ्या तोंडी तोच विषय. माझा नवरा रूबेन म्हणायचा, “तुज्या तोंडात एव्हलिन, माज्या ताटात एव्हलिन. भाकरी दे गो आधी.” आमची रूती मराठी सगळी समजते, पण उत्तर हिब्रूत देते. “इमा, दाय!” म्हणजे, आई, पुरे. पुरे कसं होणार? सणांच्या आधी दोवने जाहीर केलं होतं की सुकोतचा सण झाल्यावर टेबलांची मांडणी तो नव्याने ठरवणार. नव्याने म्हणजे काय ते सगळ्यांना समजलं होतं.

सुकोत झाला, आणि त्याच आठवड्यात तालितचं कापड तपासायला माशगिआख आला. धर्माचे नियम पाळले जातात की नाही हे बघणारा माणूस. लोकरीच्या कापडात त्याला बघायचं असतं ते शातनेझ. लोकर आणि जवसाच्या झाडाचा धागा, ज्याला हिब्रूत पिश्तान म्हणतात आणि इंग्रजीत लिनन, हे दोन्ही एका वस्त्रात आमच्या धर्माला चालत नाहीत. सुती चालतं, रेशीम चालतं. लिनन नाही.

त्याने तागा उलगडला आणि कडेला एक पांढरी गाठ त्याच्या बोटाला लागली.

“हा कसला धागा?”

“एव्हलिनचा,” ब्राखा म्हणाली. ब्राखा बगदादची, माझ्या बाजूच्या टेबलावरची. तिच्या मनात काही नव्हतं. माशगिआखने एव्हलिनला हिब्रूत विचारलं, तिला कळेना. मग त्याने मोडक्या इंग्रजीत विचारलं. इंग्रजी ऐकून बाईसाहेब खुलल्या. छाती पुढे काढून म्हणाल्या, “लिनन! माय ओन लिनन!”

ब्राखाने हातातला चिमटा खाली ठेवला.

दोव पांढरा पडला. त्याने पुन्हा विचारलं, तिने पुन्हा तेच सांगितलं, आणि पुरावा म्हणून पिशवीतून चादरच काढून दाखवली. चादरीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने इंग्रजी अक्षरं भरलेली होती, लिनन. इस्पितळात चोरी होऊ नये म्हणून भरतात ती. माशगिआखने अक्षरं वाचली आणि चादर विंचू असल्यासारखी टेबलावर टाकली. ही गाठ सापडली, न सापडलेल्या किती असतील? तालितचे सगळे तागे बाजूला काढा, असं तो म्हणाला. दोव म्हणाला, हिला आजच घरी पाठवतो, पण आधी नीट विचारू या. आणि त्याने मला हाक मारली.

“मल्का, तुमच्या भाषेत विचार हिला. हा धागा लिननचा आहे का? ती म्हणेल ते जसंच्या तसं सांग.”

मी तिच्याकडे वळले.

“एव्हलिन, ह्यो धागा लिननचा हाय का, असं विचारतायत.”

“हो गो मल्काबाय. लिननचाच. तू बघितलंस ना मी आणलेलं? त्यांना काय झालं येवढं?”

लबाडी करायचीही गरज नव्हती. दोवने सांगितलं होतं, जसंच्या तसं. ‘केन’, म्हणजे हो, एवढा एक शब्द. तो खराही होता. एव्हलिन घरी गेली असती, खिडकी माझी राहिली असती, आणि ती गाठ शेवटच्या नजरेला कापायची कुणाची राहिली, हे कुणीही विचारलं नसतं. शेवटची नजर माझी होती. गाठ माझ्या डोळ्यांतून सुटली होती. हे सगळं मला तिथे उभ्याउभ्या समजत होतं, आणि खोटं कशाला बोलू, जीभ उचललीही होती.

तेवढ्यात माशगिआख दोवला म्हणाला, “ही भारतातून आलेली ना? ह्यांना शातनेझ काय ठाऊक असणार?”

ह्यांना. म्हणजे तिला एकटीला नाही. त्या काळात आमच्यातलं कुणी लग्न नोंदवायला गेलं की आजी-पणजीपर्यंतची कुळकथा विचारत, खरे यहुदी ना तुम्ही, म्हणून. माझ्या आजीने नवगावात जन्मभर शनिवारी चूल पेटवली नाही. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून गावात आम्हाला शनवार तेलीच म्हणत. आणि हा मला शातनेझ शिकवणार! एव्हलिनचा राग होता तिथेच राहिला, पण त्याच्या वर हा दुसरा चढला.

“लिनन म्हणजे चादर!” मी हिब्रूत ओरडले. “मुंबईच्या इस्पितळात सगळ्या चादरींना लिनन म्हणतात. जवसाचं आम्ही तिकडे तेल काढतो, त्याची चादर कुणी बघितली पण नाही. हे कुतना आहे, कापूस! साधा कापूस! हिला पिश्तान दाखवलंत तरी ओळखणार नाही ही.”

माशगिआख माझ्याकडे रोखून बघायला लागला. “तू हिच्याच गावची. आपल्या माणसाला वाचवणारच.”

यावर दोव हसला. मघापासून कोंडलेला श्वास सुटावा तसा मोठ्याने हसला.

“ही? हिला ती डोळ्यासमोर नको असते. ती आल्यापासून ही जळते आहे, सगळ्या गिरणीला माहीत आहे. हिने जर तिच्या बाजूने साक्ष दिली, तर त्याहून खरी साक्ष तुम्हाला या देशात मिळायची नाही.”

ब्राखा हसली. दारातला हमाल हसला. माशगिआखच्या दाढीतही काहीतरी हललं. मला वाटत होतं मी इतके महिने सगळं पोटात ठेवलं आहे. पोटात कसलं, ते टेबलावर पसरलेलं होतं आणि येणारा-जाणारा वाचत होता. लाजेने माझे कान तापले.

माशगिआखने एक धागा पाकिटात घालून तपासायला नेला. तो कापूसच निघाला, तसा निरोप पुढे आला. पण दोव त्यासाठी थांबला नाही. माशगिआख गेल्यावर त्याने ती गाठ दोन बोटांत धरली आणि मला हळूच विचारलं, “मग ही राहिली कशी, मल्का?”

“माझ्या डोळ्यांनी राहिली,” मी म्हणाले. पिशवीतून चष्मा काढून टेबलावर ठेवला. आता काय लपवायचं होतं?

माझं स्टूल मीच उचललं. आतल्या टेबलाकडे जाताना एव्हलिन आडवी आली. तिला अजून काही कळलं नव्हतं.

“काय बोलला गो दोव? सगळे हसले कशाला?”

सांगायचं टाळता आलं असतं. पण दिवसच असा होता. “बोलला, मी तुज्यावर जळते, म्हणून माजी साक्ष खरी.”

तिने हातातला चिमटा खिशात टाकला. मग म्हणाली, “येवढंच? ते तर मला पैल्या दिवसापासून ठाऊक हाय, मल्काबाय. त्याला हिब्रू कशाला पायजे?” आणि घुटमळून, “बट मग माझ्या बाजूने बोललीस कशाला?”

“तुज्यासाठी नाय बोलले,” मी म्हणाले. ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी ती खिडकीपाशी बसली. आता गाठी मारायचं काम माझं आणि त्या कापायचं तिचं. गाठींचं सूत अजून आलेलं नव्हतं. माझ्या टेबलावर ती चादर घडी करून ठेवलेली होती, लाल अक्षरांचा कोपरा तेवढा कापून टाकलेला. मी चष्मा लावला आणि पहिला धागा ओढला. इतक्या वर्षांचा, हजार वेळा उकळलेला, तरी तुटला नाही. मऊ आणि सरळ आला. मेलीचं लिननसुद्धा चांगलं निघालं, याचाही मला राग आला.