मधलं कोरं पान

मित्रांनो, मी एक जुनी प्रयोगवही आहे. जाड पुठ्ठा, दोनशे पानं आणि स्वभाव जरा कडक. बडोद्याला फतेगंजजवळच्या एका प्रयोगशाळेत १९९१ साली मी मोहनाच्या हाती आले. ती जीवरसायनशास्त्रात संशोधन करत होती. आमच्याकडे वहीचं पान फाडायचं नाही आणि वही बाहेर न्यायची नाही. चुकलेलं खोडायचं तेही एकाच रेघेनं, म्हणजे खालचं वाचता येतं.

मोहना पुढून प्रयोग लिहायची आणि मागून काय, तर गोष्ट! मला आधी रागच आला. खंडेराव मार्केटातल्या भाजीवाल्याची विमल बापाला सोडून परदेशी जाते, अशी ती गोष्ट होती. हळूहळू मीच पुढच्या ओळीची वाट पाहू लागले. शेवटी मध्ये एकच पान कोरं राहिलं, आणि १९९४ मध्ये मोहनाला अमेरिकेचं बोलावणं आलं. विमल परत येते की नाही, ते लिहायचं राहूनच गेलं. नियमाप्रमाणे मला कपाटात ठेवून ती निघून गेली.

तिकडे ती मोठी शास्त्रज्ञ झाली. मराठीत कथांची पुस्तकंही आली म्हणे. मी मात्र धूळ खात पडले. इथली काचभांडी धुणाऱ्या धनाजीरावांनी कपाट झाडताना ती गोष्ट वाचली. जुन्या वह्या रद्दीत निघाल्या तेव्हा त्यांनी मला हळूच उचलून आपल्या खणात ठेवलं.

२००५ साली मोहना सगळ्यांना भेटायला आली. धनाजीरावांनी मला तिच्यापुढे धरलं.

"मोहनाबेन, अकरा वर्षं झाली. विमल परत आली का हो?"

"अगंबाई! काका, तुम्ही वाचलीत?"

"आमची लेक लग्न होऊन अमेरिकेला गेली ना, तेव्हापासून दर महिन्याला वाचतो."

मोहना स्टुलावर बसली. सवयीनं आधी तारीख घातली. मग लिहिलं, 'विमल परत आली.' मग त्यावर एक रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'विमल दहा दिवसांसाठी आली.'

धनाजीरावांनी चष्मा लावला. "वरची ओळ दिसतेय अजून."

"दिसणारच, काका. नियमच आहे आपला."

दहा दिवसांनी मोहना गेली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? म्हणून म्हणते मित्रांनो, जुनी वही रद्दीत देण्याआधी मागूनही एकदा उघडून बघा. आणि खोडाल तेव्हा रेघ एकच मारा. धनाजीराव मला अजून खणातून काढतात, आणि वाचतात ती वरचीच ओळ.