नऊ ग्रॅमची मेख

ज्या वर्षी ओजस्विनीचं लग्न झालं आणि आहेरात पैठणी नको, तंबू द्या, असं तिने घरात सांगून टाकलं, त्या वर्षीची ही गोष्ट. तिच्या वडिलांची, विश्वासची, काही हरकत नव्हती. चंदीगडच्या विद्यापीठात बावीस वर्षं शिकवून त्याची हरकत घेण्याची सवयच मोडली होती. तंबू आला. हातात धरला तर दुधाच्या पिशवीएवढा भरला. लग्नानंतर महिन्याभरात नवरा-नवरी, म्हणजे प्रणव आणि ओजस्विनी, त्यात झोपणार होती, तेही हिमाचलातल्या एका खिंडीत, सगळं सामान पाठीवर वाहून नेऊन. तंबूबरोबर आलेल्या आठ मेखा मात्र ओजस्विनीला पसंत पडल्या नाहीत. एकेक सोळा ग्रॅमची होती.

"आबा, तुम्ही तर यातलेच ना?" ती आजोबांना म्हणाली. "हलक्या मेखा निवडून द्या यार. आठ. सगळ्या मिळून पंच्याहत्तर ग्रॅमच्या आत."

आबांचं नाव रघुवीर. वय एकोणऐंशी, मूळ गाव तासगावजवळचं. एका सर्कशीत त्यांनी अडतीस वर्षं काढली होती, त्यातली एकवीस मेखा ठोकणाऱ्या टोळीचे मुकादम म्हणून. सहा वर्षांपूर्वी सुहासिनीआजींना घेऊन ते मुलाकडे राहायला आले, आणि तेव्हापासून त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. भाजी कुठली करू, एवढंच सूनबाई विचारायची, आणि तेही भाजी चिरून झाल्यावर.

"आमची एक मेख साडेचार किलोची असायची," आबा म्हणाले.

"तुमच्याकडे हत्ती होते. आमच्याकडे फक्त प्रणव आहे."

हे आबांना पटलं. त्यांनी काम हाती घेतलं.

चार दिवसांत चार जातींच्या मेखा घरी आल्या. एक टोकाला वाकवलेली नुसती तार, साडेपाच ग्रॅमची. एक टायटॅनियमचा खिळा, आठ ग्रॅमचा. एक तीन धारांची ॲल्युमिनियमची, नऊ ग्रॅमची. चौथी प्लास्टिकची होती, ती आबांनी न बोलता कुंडीतल्या टोमॅटोला आधार म्हणून दिली. सर्कशीत मेख निवडायची ती ऐकून. दगडावर आपटायची आणि कान लावायचा. या मेखा आपटल्या तर आवाजच येईना.

"मुक्या आहेत," आबा म्हणाले.

"आबा, हलक्या आहेत."

"तेच म्हणतोय मी."

शिवाय दारची माती खिंडीतल्या मातीसारखी नव्हती. वसुधाने, म्हणजे सूनबाईने, बावीस वर्षं खत घालून ती इतकी मऊ केली होती की तीत लाटणंसुद्धा उभं राहिलं असतं. म्हणून आबा पंचकुल्याला गेले आणि घग्गरच्या पात्रातले गोटे आणि रेती अशी पाच पोती रिक्षात घालून घेऊन आले. रिक्षावाल्याने वाटेत तीनदा विचारलं, "बाऊजी, घर बना रहे हो?" तिसऱ्यांदा आबा म्हणाले, "नहीं, पहाड़." मग त्याने विचारलं नाही.

गाडी ठेवायच्या जागेत आबांनी दोन हात लांब-रुंद खिंड तयार केली. विश्वासची गाडी त्या दिवसापासून रस्त्यावर उभी राहू लागली. रोज सकाळी आबा एकेक मेख गोट्यांत ठोकायचे, तिला दोरी बांधायचे, दोरी वरच्या छपराच्या आडव्या नळीवरून घेऊन तिचं दुसरं टोक स्वतःच्या कमरेला बांधायचे आणि मागे रेलायचे. वारा कमी-जास्त करायचा तर ते श्वास रोखून रेलायचे किंवा एक पाय उचलायचे. समोरच्या बंगल्यातले निवृत्त कर्नल फाटकापाशी येऊन दोन मिनिटं बघत उभे राहिले आणि "वेरी गुड फॉर द बॅक" म्हणून पुढे गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनीही आपल्या फाटकाला दोरी बांधली.

वाकवलेली तार जागच्या जागी फिरली, दोरी सुटली आणि आबा वसुधाच्या कोथिंबिरीत बसले. टायटॅनियमचा खिळा गोट्यांत झकास गेला, पण पाणी ओतून जमीन ओली केल्यावर गुमान बाहेर आला. आबा पुन्हा कोथिंबिरीत. तीन धारांची मेख मात्र ना फिरली ना निघाली. आबांनी दोन्ही पाय उचलले तरी ती हलली नाही, आणि आबा दोरीला लटकून राहिले. सुहासिनीआजींनी येऊन सोडवेपर्यंत.

"हीच," आबा लटकल्या लटकल्या म्हणाले.

नऊ ग्रॅमच्या आठ म्हणजे बहात्तर. ओजस्विनी खूश झाली. आबांनी घसा साफ केला. "नऊ घे. एक जादा असावी."

"नाही हं आबा. एक जादा मेख घेतली की एक जादा मोजा होतो, मग एक जादा चमचा. मी दात घासायच्या ब्रशची दांडी अर्धी कापलीये." तिने दाखवली. खरंच कापली होती.

मग नावं घालायचा दिवस आला. हा रिवाज आबांच्या टोळीचा. मेखेवर पहिला घाव घालताना एका माणसाचं नाव घ्यायचं. ज्याचं नाव, त्याने ती मेख धरून ठेवायची, मग तो माणूस कुठेही असो. मेख निघाली तर त्या माणसाला पोस्टकार्ड टाकून कळवणं मुकादमाचं काम. आबा चाळिशीत लिहायला शिकले ते या कार्डांपायी. तोवर तिकीटबाबू लिहायचा आणि पदरचा मजकूर घालायचा. आबांचं कार्ड ठरलेलं असे: "आपली मेख काल इटारसी मुक्कामी निघाली. प्रकृतीस जपावे." अशा कार्डामुळे एक मावसबहीण नऊ वर्षं बोलली नव्हती. एका मेव्हण्याची मेख सलग तीन गावांत निघाली, तेव्हा तो वैतागून रजा काढून रायपूरला आला आणि त्याने ती स्वतःच्या हाताने ठोकली.

एकाच माणसाचं नाव मेखेला द्यायचं नाही, मुकादमाचं. सगळ्यांची नावं घेणाऱ्याने स्वतःचं घ्यायचं नाही. एकवीस वर्षांत हजारो मेखा ठोकल्या गेल्या, त्यांत रघुवीर नावाची एकही नव्हती.

ओजस्विनीने नावं सांगितली आणि आबांनी बारीक पेनने एकेका मेखेवर लिहिली. विश्वास. वसुधा. प्रणव. प्रणवचे आईवडील लतिका आणि जयंत. कादंबरीमावशी. सुहासिनी.

"हिची मेख वाऱ्याकडे," आबा म्हणाले. "वाऱ्याकडची मेख म्हणजे सगळा तंबू. तुझ्या आजीची एकदाही निघाली नाही."

"अहो, तीस वर्षं मी तासगावात भाकऱ्या थापत होते आणि तुम्ही मला वाऱ्यात उभं केलंत," आजी म्हणाल्या. "आता पुरे. यंदा मला आडोशाला ठेवा."

आजींचा शब्द घरात कुणी मोडत नसे. आठवी मेख उरली आणि जागा वाऱ्याकडची. आबा पेन धरून बसले. ओजस्विनीने विचार केला. "अंबरीश."

"हा कोण?"

"माझा मॅनेजर. मोहालीचा. सुट्टी त्याने दिली ना, दहा दिवस."

"त्याला वाऱ्याकडे?"

"तो मला ऑफिसात तिथेच ठेवतो."

आबांनी अंबरीश लिहिलं. अक्षर नीट आलं नाही. ओजस्विनीने आठही मेखा पुन्हा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवल्या. बहात्तरच भरल्या. शाईला वजन नव्हतं.

त्या दिवसापासून आबांचं जेवणावरून लक्ष उडालं. पोर वाऱ्यात झोपणार आणि दोरी कुणाच्या हातात, तर ज्याला आपण पाहिलंही नाही अशा माणसाच्या. नववी मेख ओजस्विनीच्या पिशवीत गेली पाहिजे, एवढं एकच आता त्यांच्या डोक्यात होतं.

"तुमच्या नावाची हवी असेल तर सरळ सांगा की तिला," आजी म्हणाल्या.

"जादा हवी म्हणतोय मी. नावाचं कोण बोलतंय?"

"मी बोलतेय."

"मुकादमाला मागता येत नाही."

"मग बसा."

नववी मेख आबांच्या खिशात होती, आणि लग्नात तिची परीक्षा झाली. सर्कशीत नवी मेख हत्ती बांधून पारखत. पंचकुल्याच्या लॉनवर हत्ती नव्हता, पण घोडी होती. प्रणवच्या नाशिककर आईवडिलांना घोडी नको होती, वसुधाला मात्र हवी होती. इतकी वर्षं चंदीगडात राहून घोडीशिवाय नवरा म्हणजे तिला तो चालत आलेला पाहुणा वाटायचा. प्रणव उतरून मांडवात गेल्यावर आबांनी मेख हिरवळीत ठोकली आणि घोडी तिला बांधली.

घोडीवाल्याने मेख बघितली, मग आबांना बघितलं. "बाऊजी, ये तो दाँत कुरेदने की चीज है."

"देखते रहो."

मंगलाष्टकं संपेपर्यंत घोडी हलली नाही. पण समोर हरभऱ्याची घमेली होती, त्यामुळे ती मेखेपायी थांबली की हरभऱ्यापायी, हे ठरेना. मग ढोल वाजला. घोडीने मान झटकली, लगाम तोडला, आणि सरळ कमानीकडे जाऊन झेंडूच्या माळा खायला लागली. नवरा-नवरीचे फोटो थांबले. घोडीवाला धावला. आबा मात्र उलट्या दिशेला धावले. लगामाचा तुकडा गवतात पडला होता आणि मेख जागेवर होती. ती काढायला त्यांना दोन वऱ्हाडी बोलवावे लागले.

आता प्रश्न सहा ग्रॅमचा. पंच्याहत्तरमधले तीन शिल्लक होते, सहा कुठून तरी काढायचे. आबांनी आधी सुकामेव्याला हात घातला. पण ओजस्विनीने दिवसाला अकरा काजू अशा पुड्या बांधल्या होत्या, आणि दहाची पुडी ती नुसती हातात घेऊन ओळखायची.

"आबा, मंगळवार कमी आहे," ती म्हणाली.

मग त्यांनी तिच्या पंच्याचे दोन्ही काठ उसवले. एक ग्रॅम. तंबूच्या पिशवीवरची धुण्याच्या सूचनांची चिठ्ठी कापली. काटा हललासुद्धा नाही. शेवटी साबण सापडला. छोटीशी वडी, लव्हेंडरची. जून महिना, बेचाळीस अंश ऊन, तेव्हा आबांनी एका दिवसात त्या वडीने चार आंघोळी केल्या. संध्याकाळी साबण वाळवून काट्यावर ठेवला तर बारा ग्रॅम उतरला होता. पंच्याचा एक धरून पाचच हवे होते. उरलेल्या सातांचे आबांनी पाच काजू परत घातले, कारण मंगळवारचं त्यांच्या मनाला लागलं होतं.

"आज घरात कसला वास येतोय?" विश्वासने विचारलं.

"तुझ्या वडिलांचा," आजी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सेक्टर ४३च्या बसस्टँडवर सगळे पोचवायला गेले. ओजस्विनीने हातातल्या काट्याला पिशवी शेवटची लटकवली. आकडा बरोबर आला. आबांनी खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. त्यांनी तो हात तसाच ठेवला. मनालीची बस सुटली.

दहा दिवस आबा रोज सकाळी घरातल्या खिंडीपाशी उभे राहायचे. गोटे काढायला आलेल्या माणसाला त्यांनी दोनदा परत पाठवलं. डोंगरात फोन लागत नव्हता.

अकराव्या दिवशी दोघं परत आली. नाकांची सालं निघालेली, प्रणवच्या तोंडावर गॉगलची जागा गोरी. चहा झाला. ओजस्विनी आबांच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसली.

"तिसऱ्या दिवशी दुपारी हवा सुरू झाली," ती म्हणाली. "सगळ्यात आधी अंबरीश निघाला. उडाला तो दरीत. मग तंबू एका बाजूने उठला. मी आत, प्रणव बाहेर. पिशवी उलटी केली तर नववी मेख खाली पडली. पहिल्यांदा मला राग आला, आबा. नऊ ग्रॅम."

"साबण बघितलास का?"

"बघितला. पापड झाला होता त्याचा."

"मग?"

"मग काय, ठोकली. दगडाने."

"नाव काय घेतलंस?"

"तुम्ही रागवाल."

"मुकादमाचं घ्यायचं नाही, ठाऊक आहे ना तुला?"

"तिथे मुकादम मी होते."

आजींनी आतून विचारलं, "अगं, काय घेतलंस ते सांग की त्यांना, नाहीतर रात्रभर मला विचारतील."

"रघुवीर," ओजस्विनी म्हणाली.

मग प्रणवने पुढचं सांगितलं. रात्रभर वारा होता. सकाळी सात मेखा बोटाने निघाल्या. आठवी निघेना. आधी त्याने ओढली, मग दोघांनी मिळून. बाजूची माती उकरली, दगडाने ठोकून बघितली. तीन तास गेले. खाली उतरायचं होतं, ढग येत होते. तिथेच ठेवून आले.

"सॉरी, आबा," ओजस्विनी म्हणाली.

"सॉरी कशाला? येताना ओझं आणखी नऊ ग्रॅमने कमी झालं ना."

मग त्यांनी चष्मा मागवला आणि एक कार्ड मागवलं. चंदीगडात पोस्टकार्ड मिळवायला विश्वासला तीन पोस्टं हिंडावी लागली. आबांनी त्यावर सावकाश लिहिलं: "श्री. अंबरीश यांस, आपली मेख १४ जून रोजी खिंडीत निघाली. प्रकृतीस जपावे." अंबरीशने कार्ड मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी रक्त आणि छाती तपासून घेतली आणि दोन दिवस ऑफिसला आला नाही, असं ओजस्विनीने फोनवर सांगितलं. त्याला काही निघालं नाही.

गोटे आणि रेती दिवाळीच्या आधी उचलली गेली आणि विश्वासची गाडी आत आली.

रघुवीर आबा त्याच वर्षी पाच डिसेंबरला, मंगळवारी, सकाळी दहाच्या सुमारास अंगणात उन्हाला बसलेले असताना वारले. खिंडीतली त्यांची मेख निघाल्याचं अजून कुणी कळवलेलं नाही.