धवला पहिल्यापासून

सभापतींची घंटा वाजली, आणि गोदा पुन्हा पहिल्या वाक्यावर आली.

“सभापती महाराज, माझ्या गावाच्या तिन्ही बाजूंना पाणी आहे आणि प्यायला थेंब नाही.”

सभागृहात हशा पिकला. हेच वाक्य सगळे तिसऱ्यांदा ऐकत होते. वर प्रेक्षकांच्या गॅलरीत मी कपाळावर हात मारून घेतला. शेजारी बसलेली गोदाची आई, मालनमावशी, मात्र समाधानाने मान हलवत होती. लेक बरोबर वाटेवर आहे, असाच तिचा चेहरा होता.

माझा जीव टांगणीला लागला होता. आठवडाभर गोदा माझ्या डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात उभी राहून हे भाषण म्हणत होती आणि मी भाजी चिरता चिरता घड्याळ बघत होते. शाळेत आम्ही दोघींनी एकाच वर्गाच्या दोन तुकड्या शिकवलेल्या, त्यामुळे तिला दटावण्याचा हक्क मला होता. भाषण दिलेल्या वेळात चपखल बसत होतं. आणि आज बाई पहिल्या वाक्याच्या पुढे जाईना! त्या दिवशी जिल्ह्याच्या पाणीयोजनेवर चर्चा होती. योजनेतला नळ डोंबिवली स्टेशनापाशी येऊन थांबत होता. खाडीकाठच्या मिठागरी वस्त्यांचं त्यात नावही नव्हतं. गोदाची वेळ संपली असती, तर योजना तशीच मंजूर झाली असती.

गोदा कोपरच्या पलीकडची, खाडीवरच्या वाडीतली. बाप, परशुराम, मिठागरात राबला. वाडीतून शाळेत गेलेली पहिली मुलगी ती, मास्तरीण झालेली पहिली तीच, आणि बेचाळीस साली तुरुंगात गेलेलीही तीच. मग लोकल बोर्ड, आणि आता विधान परिषद. ती निवडून आली तेव्हा आमच्या गल्लीतले त्र्यंबकराव ओट्यावर बसून म्हणाले होते, “मिठागरातली बाई कौन्सिलात जाऊन बोलणार काय?” मी म्हटलं होतं, “तुम्ही इतकी वर्षं ओट्यावर बसून जे बोललात, त्याहून बरंच बोलेल.”

आता मात्र त्र्यंबकराव खरे ठरतात की काय, असं मला वाटू लागलं.

“अहो मावशी, ही अडकली का?” मी कुजबुजले.

मालनमावशीचा आवाज गेल्या हिवाळ्यात गेला होता. घशाला काय झालं ते डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही. ती माझ्या कानाशी आली. “अरकली नाय, बाय. त्यांनी मधी तोरला. तोरलेला धवला फुरं नेत नाय.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मालनमावशी वाडीची धवलारीण. त्यांच्याकडे लग्न लागतं ते धवलारणीच्या गाण्यावर. ती म्हणेल तेव्हा हळद, ती म्हणेल तेव्हा अक्षता. आणि त्या वाडीची रीत अशी, की धवला चालू असताना कोणी मध्ये बोललं तर धवलारीण थांबते आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा धरते. गोदाच्या काकाच्या लग्नात एक पाहुणा ताडी पिऊन सारखा मध्ये ओरडत होता. बोहल्यावर नवऱ्याला डुलकी लागली, तरी मालनमावशी काही पुढे सरकली नाही. शेवटी वरबापाने पाहुण्याला उचलून होडीत नेऊन बसवलं, तेव्हा लग्न लागलं. आईच्या मागे बसून झील धरण्यात गोदाचं बालपण गेलेलं. ती बिचारी सभागृहातही तेच करत होती.

खाली गांधी टोपीतले एक जाडजूड सभासद उठले. “सभापती महाराज, बाईंना सांगा, हे सभागृह आहे, हळदीचा मांडव नाही!”

पुन्हा हशा. गोदा शांतपणे थांबली. पदर सारखा केला. “सभापती महाराज, माझ्या गावाच्या तिन्ही बाजूंना पाणी आहे आणि प्यायला थेंब नाही.”

“ताई,” सभापती म्हणाले, “हे सभागृहाने ऐकलेलं आहे. आपण पुढे बोला.”

“महाराज, सभागृहाने ऐकलं असतं, तर मध्ये कोणी बोललं नसतं. मला कोणी तोडलं नाही, तर मी एकदाच बोलेन.”

सभापतींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. “सन्माननीय सभासदांना आज घरी जेवायला जायचं असेल, तर त्यांनी शांत राहावं. ताईंचा वेळ मी आत्तापासून मोजतो.”

आणि सभागृह गप्प झालं! अहो, मी टाचणी टाकली असती तर ऐकू आली असती.

गोदाने पाचव्यांदा पहिलं वाक्य म्हटलं, आणि मग दुसरं. भरती पाहून होडी काढावी लागते, ती सांगत होती. पलीकडच्या विहिरीवरून बायका हंडे आणतात. दिवस भरत आलेली बाईही होडीत असते, कारण घरातल्या लेकरांच्या तहानेला भरती-ओहोटी कळत नाही. दिवसभर मिठात उभे राहिलेले पाय संध्याकाळी खाऱ्या पाण्यानेच धुवायचे. भेगा भरणार कशा?

“आमच्याकडे पाहुणा आला की आम्ही गूळ देतो,” ती म्हणाली, “पाणी हवं का, असं विचारत नाही. विचारलं तर द्यावं लागेल, महाराज. घरी आलेल्या माणसाला पाणी विचारता येत नाही, याची लाज काय असते ते या सभागृहाला माहीत नाही. तुमच्या ताटातलं मीठ आम्ही पिकवतो. त्याबद्दल काही मागत नाही. फक्त त्यावर जे तुम्ही पिता, ते आम्हालाही द्या.”

ती खाली बसली. आणि मी डोळे पुसते आहे तोवर मालनमावशी ताडकन उभी राहिली, पदराची गाठ सोडली आणि मूठभर अक्षता गॅलरीतून खाली उधळल्या!

धवला पुरा झाला होता. तिच्या हिशेबी हे बरोबरच होतं.

तांदूळ मंत्र्यांच्या उघड्या फायलीवर पडले, जाडजूड सभासदांच्या टोपीवर पडले. कोणी दचकून छताकडे पाहिलं. पहारेकरी धावत आले. “बाई, इथे काही टाकायचं नसतं! चला बाहेर!” मी मध्ये पडले, तर मलाही बाहेर काढलं. आयुष्यात एकदा कौन्सिल हॉलात गेले, तीही अशी हाकलली गेले, आणि मला त्याचा अजून अभिमान आहे.

त्यामुळे मंत्र्यांचं उत्तर आम्ही ऐकलंच नाही. पायऱ्यांवर बसून राहिलो. गोदा बाहेर आली, तिच्या अंबाड्यातही दोन तांदूळ अडकले होते.

“लगीन लागला का गो?” मावशीने विचारलं.

गोदा आईजवळ टेकली. “साखरपुरा झालाय, आय. वाडीचं नाव योजनेत घेतो बोलले. लगीन अजून लांब हाय.”

मावशी विचारात पडली. मग पदरात उरलेल्या अक्षता तिने लेकीच्या पदरात बांधल्या. “मंग या तू ठेव. माजा गला तं गेला.”

नंतरची वर्षं गोदाने कौन्सिल दणाणून सोडली. मिठागरातल्या बायकांची मजुरी, खाडीकाठच्या शाळा, बाळंतिणींचे दवाखाने, कशावरही ती उठली की शेजारचे सभासद एकमेकांना खुणावायचे, “गप्प बसा हो, नाहीतर पहिल्यापासून धरेल.” आणि दर अधिवेशनात, विषय कोणताही असो, ती पाण्यावर यायचीच.

नळ आला तो अठ्ठावन्न साली. त्याच्या आधीच्या शिमग्याला मालनमावशी गेली होती.

वाडीच्या तोंडाशी नळ उभा होता, ठाण्याहून इंजिनिअर आले होते, आणि साऱ्या बायका रिकामे हंडे घेऊन गोळा झाल्या होत्या. मीही डोंबिवलीहून गेले होते. नळ सोडण्यापूर्वी गोदा पुढे झाली. पदराच्या गाठीतले पिवळे पडलेले तांदूळ मुठीत घेतले आणि धवला सुरू केला. इतक्या वर्षांत मी तिला एकटीने गाताना कधी ऐकलं नव्हतं. आवाज जाडाभरडा, भाषणं करून घासलेला. पण मावशीच तिथे उभी आहे असं वाटलं, आणि मला रडू आवरेना.

गाणं अर्ध्यावर आलं, तेवढ्यात इंजिनिअर घड्याळ बघत म्हणाले, “ताई, मला पुढे कल्याणला जायचंय...”

गोदा थांबली. साऱ्या बायकांनी त्या माणसाकडे अशा नजरेने पाहिलं, की त्याने नळावरचा हात काढून घेतला.

गोदाने डोळे मिटले आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा धरलं. हंडे रिकामेच होते, पण घाई कोणालाच नव्हती.