रडलेल्या गुरुजींची घोंगडी

मित्रांनो, माझी वीण आता विरली आहे. कसरीने मला जागोजागी भोके पाडली आहेत. तरीही मी अथेन्समधल्या एका तत्त्वज्ञाची घोंगडी आहे, हे अभिमानाने सांगते.

मला अर्खिप्पीबाईंनी विणले. त्यांचे पती निकोक्लेसगुरुजी बाजारालगतच्या मोठ्या ओसरीत तरुणांना शिकवत. हिवाळ्यातही ते एका पातळ वस्त्रावर निघत. "तत्त्वज्ञान पांघरून थंडी जात नाही हो," असे म्हणून बाईंनी मला त्यांच्या खांद्यावर टाकले. त्या दिवसापासून आम्ही दोघे रोज ओसरीत जाऊ लागलो.

"वारा आपल्या हातात नाही, सुकाणू आहे," असे काहीसे गुरुजी सांगत. ऐकताना मलाही धीर येई.

एका सकाळी शिकवणी चालू असतानाच बंदरावरून एक खलाशी आला. गुरुजींचा एकुलता एक मुलगा थ्रासोन तेल घेऊन निघाला होता. त्याचे जहाज वादळात बुडाले आणि तोही गेला, अशी बातमी खलाशाने आणली.

गुरुजी क्षणभर थांबले आणि पुढचे वाक्य बोलू लागले. शिष्य थक्क झाले. "डोळ्यांत टिपूससुद्धा नाही!" मेनोन नावाचा शिष्य म्हणाला. गावभर गुरुजींचा बोलबाला झाला. पण माझ्याखाली त्यांचे अंग थरथरत होते, ते फक्त मला कळत होते.

घरी बाई हंबरडा फोडून रडत होत्या. "रडून समुद्र त्याला परत देणार आहे का?" गुरुजी म्हणाले. बाई गप्प झाल्या. मग त्या बरेच दिवस गप्पच राहिल्या. दोघे समोरासमोर बसून भाकरी चिवडत आणि तशीच उठत.

असा हिवाळा सरला. एक दिवस स्मिक्रोस कुंभार ओसरीत आला. त्याची बायको तापाने गेली होती. गुरुजींकडे दुःखावर काही औषध असेल, या आशेने तो आला आणि बोलता बोलता ढसाढसा रडू लागला.

"अहो, बाईमाणसासारखं काय रडताय?" मेनोन हसला. "आमच्या गुरुजींचा मुलगा गेला, तरी ते हूं की चूं करत नाहीत!"

कुंभाराने लाजून तोंडात मूठ कोंबली. हुंदका आवरताना त्याचा श्वास अडकू लागला.

गुरुजी उठले. त्याच्या शेजारी जमिनीवर बसले आणि माझी अर्धी बाजू त्यांनी त्याच्या पाठीवर ओढली. मग सगळ्यांदेखत ते रडले. माझी कड भिजून जड झाली.

"मी अर्धवट शिकवलं, मेनोन," बऱ्याच वेळाने ते म्हणाले. "मरण माझ्या हातात नाही. डोळ्यांत पाणी येणंही नाही. पण या माणसाला एकटं पाडायचं की नाही, ते माझ्या हातात आहे. तुझ्याही."

मेनोन उठला. तो कुंभारासाठी पाणी घेऊन आला.

त्या दिवशी गुरुजी घरी गेले ते थेट चुलीपाशी. "अर्खिप्पी," ते म्हणाले, "थ्रासोनबद्दल बोल ना काहीतरी."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिले. "आलात एकदाचे घरी?" त्या म्हणाल्या आणि माझ्यात तोंड खुपसून रडल्या.

पुढे गुरुजी वारले. गावाला मात्र जुनाच बोलबाला आठवत होता; 'न रडणाऱ्या गुरुजींची घोंगडी' म्हणून लोक मला ओसरीत टांगायला निघाले होते. "गुरुजी रडले होते, मी पाहिलंय," असे सांगून मेनोनने हट्टाने तसे होऊ दिले नाही. मग मी पेटीत पडले आणि हळूहळू सगळे मला विसरले.

मित्रांनो, मला ऊन दाखवा, झटका, कसरीपासून वाचवा, एवढे मागायचा हक्क मला आहे. पण तेवढा वेळ नसेल, तर मला राहू द्या. तुमच्या घरात कोणी मुकाट्याने भाकरी चिवडत बसले असेल, तर आधी त्याच्याजवळ जाऊन बसा.