उणेची खूण

भाचीने पॉलिशपेपरने मोठ्या पाइपावरचा निळा रंग खरवडला, तसं खालचं लोखंड चकाकलं. आत्याने त्यावर अंगठा फिरवून पाहिला आणि पारदर्शक जेल लावलं, जपून, जखमेला मलम लावावं तसं.

"बॅग भरलीस?"

"कालच."

"चार्जर?"

"भरला गं बाई, भरला!"

पंपघराच्या तळघरात हिरवट उजेड होता आणि सगळं मंद गुणगुणत होतं. पाइप न कापता त्यातलं पाणी बाहेरूनच मोजायचं, हा दोघींचा धंदा. आवाज नीट आत जावा म्हणून जेल लावून दोन सेन्सर पट्ट्यांनी पाइपाला आवळायचे. आवाज एकदा पाण्यासोबत जातो, एकदा पाण्याविरुद्ध, आणि लागलेल्या वेळेतल्या फरकावरून मीटर वेग सांगतो. आई गेल्यावर आत्यानेच तिला वाढवलं, हे कामही तिनेच शिकवलं. आज दुपारच्या बसने भाची दूरच्या नोकरीवर निघणार होती. हा त्यांचा शेवटचा पाइप.

आत्याने वायरी जोडल्या. पडद्यावर आकडा उमटला, पण आधी उणेची खूण.

भाची बघतच राहिली. मीटरच्या हिशेबाने पाणी उलटं निघालं होतं. घराघरांतल्या नळांतून, गल्ल्यांखालून, चढ चढत पुन्हा टेकडीवरच्या टाकीत. असंच जात राहिलं, तर संध्याकाळपर्यंत आपण पुन्हा आत्याच्या कडेवर असू, असं तिला वाटून गेलं.

"वायरींची अदलाबदल झालीय," ती म्हणाली. "मिनिटभराचं काम."

"छे! सगळं काढू. पहिल्यापासून नीट बसवू. अर्धवट काम मला खपत नाही, माहितीय ना?"

ही चूक आत्याच्या हातून झोपेतही झाली नसती. भाचीने तिच्याकडे पाहिलं. आत्या पट्टा सोडण्यात भलतीच गुंतली होती आणि तिचं नाक लाल झालं होतं.

जेल पुसलं. पुन्हा घासलं, पुन्हा लावलं, पुन्हा आवळलं. दोघींनाही कसलीच घाई नव्हती.

"वायरी तू जोड," आत्या म्हणाली. "मला मेलीला आज धड दिसत नाहीये."

भाचीने जोडल्या. आकडा उमटला. पुन्हा उणे.

आत्याने चष्मा कपाळावर चढवला, वायरींकडे पाहिलं, मग भाचीकडे.

"डोकं ठिकाणावर आहे का गं तुझं?"

"आता काय, सगळं काढावं लागणार."

"लागणारच. आणि बस?"

"संध्याकाळी आहे एक."

"रात्रीचीही असेल बघ," म्हणत आत्या पट्टा सोडू लागली.